एका जखमेत अनेक जंतू : शस्त्रक्रियेनंतरच्या मिश्र संसर्गाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

अपेंडिक्स फुटून पोटात पू झालेला रुग्ण, मधुमेहामुळे पायाचे बोट काळे पडलेला शेतकरी, महामार्गावरच्या अपघातात हाड उघडे पडलेला मोटारसायकलस्वार, सिझेरियनचे टाके उसवलेली बाळंतीण. हे चौघे रुग्णालयाच्या वेगवेगळ्या विभागांत दाखल होतात. त्यांच्या जखमेतला पू तपासायला पाठवला, तर अहवालात बऱ्याचदा एकाऐवजी दोन, तीन, कधी त्याहून अधिक जातींचे जीवाणू निघतात. यालाच मिश्र जंतुसंसर्ग म्हणतात. असा अहवाल हाती पडला की डॉक्टरांपुढे प्रश्नांची रांग लागते. यांपैकी खरा दोषी कोण? सगळ्यांवर औषध द्यायचे का? किती दिवस? आणि अहवालात न दिसलेला एखादा जंतू जखमेत आहेच, असे धरून चालायचे का?

नाशिकसारख्या जिल्ह्यात हे प्रश्न रोजचे आहेत. शहरात जिल्हा रुग्णालय आणि विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे, तर इगतपुरी तालुक्यात एसएमबीटीचे रुग्णालय आहे. खासगी सर्जनांची संख्याही मोठी आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या आदिवासी तालुक्यांतला पोटदुखीचा रुग्ण आधी गावात, मग ग्रामीण रुग्णालयात आणि शेवटी शहरात असा टप्प्याटप्प्याने पोचतो. आतड्याला भोक पडलेले असेल, तर वाटेत गेलेला प्रत्येक तास महत्त्वाचा असतो. आतड्यातून बाहेर आलेली घाण सुरुवातीला पोटात नुसती सांडलेली असते. काही तासांनी तिथे जंतू वाढू लागतात आणि तिचे रूपांतर संसर्गात होते.

या विषयावर गेल्या शतकभरात पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातून काय पक्के झाले, कशावर तज्ज्ञांचे मतभेद आहेत आणि आपल्याकडे कोणती माहिती अजून अपुरी आहे, याची क्रमाने मांडणी करणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी : एक रोग, एक जंतू

१८६५ साली ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी हाड मोडून उघड्या पडलेल्या जखमेवर कार्बोलिक अ‍ॅसिड वापरले आणि १८६७ मध्ये ‘लॅन्सेट’मधून आपले निष्कर्ष मांडले. जखम चिघळण्यामागे सूक्ष्मजीव असतात, हे त्यानंतर हळूहळू मान्य झाले. पुढे रॉबर्ट कॉख यांनी रोग आणि जंतू यांचे नाते सिद्ध करण्याचे निकष घालून दिले. रोग्याच्या शरीरातून जंतू वेगळा काढायचा, त्याची एकट्याची शुद्ध वाढ करायची, ती निरोगी प्राण्यात सोडायची आणि तोच रोग होतो का हे पाहायचे. क्षय, घटसर्प अशा रोगांसाठी ही चौकट चपखल ठरली. एक रोग, एक जंतू, आणि पुढे एक औषध, अशी विचाराची सवय त्यातूनच लागली.

शस्त्रक्रियेच्या जखमा मात्र या चौकटीत नीट बसत नव्हत्या. पॅरिसच्या फूर्निए यांनी १८८३ मध्ये जननेंद्रियाभोवतीची त्वचा झपाट्याने कुजवणाऱ्या विकाराचे वर्णन केले. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि त्यामागे बहुधा अनेक जंतू एकत्र असतात. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुअर आणि मेलेनी यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावरची त्वचा कुजत गेलेल्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या जखमेत एक स्ट्रेप्टोकोकस आणि एक स्टॅफिलोकोकस असे दोन जंतू होते. मेलेनी यांच्या प्रयोगांत हे जंतू प्राण्यांना वेगवेगळे टोचले तेव्हा तसा विकार झाला नाही, एकत्र टोचले तेव्हा झाला. कॉख यांच्या निकषांवर यातला कोणताही एक जंतू दोषी ठरला नसता. १९३८ मध्ये विल्यम आल्टेमायर यांनी फुटलेल्या अपेंडिक्सच्या पुवाचा अभ्यास करून त्यात ऑक्सिजनवर वाढणारे आणि ऑक्सिजनविना वाढणारे जंतू एकत्र नांदतात, हे दाखवले. ऑक्सिजनविना वाढणाऱ्यांना प्रयोगशाळेत ‘अ‍ॅनेरोब’ म्हणतात. पुढे हाच शब्द वापरला आहे.

त्यानंतर प्रतिजैविकांचे युग आले आणि काही काळ हा विषय मागे पडला. १९७० च्या दशकात अ‍ॅनेरोब वाढवण्याच्या पद्धती सुधारल्यावर तो पुन्हा पुढे आला. वाइनस्टाइन, ऑन्डरडॉन्क, बार्टलेट आणि गोर्बाख या अमेरिकी संशोधकांनी उंदरांच्या पोटात आतड्यातले मिश्र जंतू सोडून आजाराचे टप्पे तपासले. पहिला टप्पा ताप, रक्तात जंतू शिरणे आणि मृत्यू यांचा होता. त्यात ई. कोलायसारखे ऑक्सिजनवर वाढणारे जंतू पुढे होते. जे उंदीर वाचले, त्यांच्या पोटात पुढे पुवाच्या गाठी झाल्या. त्यांत बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस हा अ‍ॅनेरोब प्रमुख होता. औषध न दिलेल्या उंदरांपैकी ३७ टक्के मेले. जेन्टामायसिन दिल्यावर मृत्यू ४ टक्क्यांवर आले, पण वाचलेल्यांपैकी ९८ टक्क्यांना गाठी झाल्या. क्लिन्डामायसिन दिल्यावर गाठी ५ टक्क्यांवर आल्या, पण मृत्यू ३५ टक्केच राहिले. दोन्ही औषधे मिळून दिली तेव्हा दोन्ही आकडे खाली आले. आज पोटाच्या संसर्गात एक औषध ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंसाठी आणि दुसरे, बहुधा मेट्रोनिडाझोल, अ‍ॅनेरोबसाठी दिले जाते. त्या प्रघाताचे मूळ या प्रयोगांत आहे.

जंतू एकमेकांच्या मदतीला कसे येतात

मोठ्या आतड्यातल्या एक ग्रॅम मळात सुमारे १०,००० कोटी जीवाणू असतात आणि त्यांत अ‍ॅनेरोबची संख्या इतरांच्या शेकडो पट असते. आतडे फुटले की हे सगळे पोटात सांडतात. त्यांतल्या बहुतेक जाती तिथे टिकत नाहीत. ज्या मोजक्या टिकतात, त्या एकमेकींच्या आधाराने टिकतात.

या आधाराचे काही प्रकार आता चांगले उलगडले आहेत. ई. कोलाय आसपासचा ऑक्सिजन वापरून टाकतो आणि त्यामुळे अ‍ॅनेरोबना हवी तशी जागा तयार होते. बॅक्टेरॉइडिसच्या अंगावरचे शर्करेचे कवच पुवाची गाठ धरायला कारणीभूत ठरते आणि त्या गाठीत दोघांनाही आसरा मिळतो. एका जंतूने सोडलेले बीटा-लॅक्टमेज हे विकर पेनिसिलिन गटातली औषधे तोडते. त्यामुळे ज्या शेजाऱ्यावर ते औषध एरवी चालले असते, तोही बचावतो. चोरी एकाने करावी आणि दार दुसऱ्याने उघडून द्यावे, तसा हा प्रकार आहे. स्यूडोमोनासच्या सान्निध्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस संथपणे वाढणारे रूप घेतो. या रूपावर काही औषधांचा परिणाम कमी होतो आणि प्रयोगशाळेतल्या बशीवर ते सहज नजरेतूनही सुटते.

बायोफिल्म ही यातली आणखी एक महत्त्वाची बाब. जे. विल्यम कॉस्टरटन यांनी १९७८ पासून ही कल्पना रुजवली. जंतू एखाद्या पृष्ठभागाला चिकटून स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि त्यात समूहाने राहतात. हर्नियाची जाळी, हाडातली प्लेट, पोटातून काढलेली ड्रेनची नळी, मधुमेहाची जुनी जखम, या सगळ्या ठिकाणी असा थर जमू शकतो. त्या थरात शिरलेल्या औषधाचा प्रभाव बराच कमी होतो. म्हणून अशा जखमेत खरवडून साफ करणे किंवा बसवलेली वस्तू काढून टाकणे टळत नाही.

आपल्याकडचे आकडे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत शस्त्रक्रिया झालेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे ११ जणांना जखमेचा संसर्ग होतो. २०१८ मध्ये ‘ग्लोबलसर्ज’ या गटाने ६६ देशांतल्या १२,५३९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत संसर्ग होण्याचे प्रमाण विकसित देशांत ९.४ टक्के, मध्यम गटात १४ टक्के आणि सर्वांत मागे असलेल्या देशांत २३.२ टक्के निघाले. ज्या रुग्णांचे कल्चर (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे) झाले, त्यांच्यापैकी सुमारे पाचात एकाच्या जखमेत, शस्त्रक्रियेआधी दिलेल्या औषधालाच न जुमानणारा जंतू होता.

महाराष्ट्रातले दोन जुने अभ्यास आजही अनेक लेखांत उद्धृत केले जातात. औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून १९९९ मध्ये ३,२८० शस्त्रक्रियांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात संसर्गाचे प्रमाण ६.०९ टक्के होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयाचा अभ्यास २००५ मध्ये आला. त्यात १९० रुग्णांपैकी १७ जणांना, म्हणजे ८.९५ टक्क्यांना, संसर्ग झाला. ‘स्वच्छ’ गटातल्या शस्त्रक्रियांत, म्हणजे आतडे, श्वसनमार्ग वा मूत्रमार्ग न उघडता केलेल्या शस्त्रक्रियांत, हे प्रमाण ३.०३ टक्के होते. असे मार्ग नियंत्रित रीतीने उघडाव्या लागणाऱ्या गटात ते २२.४१ टक्के होते. पहिल्या गटात त्वचेवरचा एखादाच जंतू शिरण्याचा संभव असतो, तर दुसऱ्यात आतड्यातले जंतू हाताशीच असतात. हा फरक मिश्र संसर्गाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मधुमेही पायाच्या जखमांत मिश्र संसर्ग हाच नियम दिसतो. दिल्लीच्या एम्समधून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ८० रुग्णांच्या अभ्यासात प्रत्येक रुग्णामागे सरासरी २.३ जंतू सापडले. अमेरिकेतल्या २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात, ज्या नमुन्यांत वाढ झाली त्यांपैकी ८३.८ टक्क्यांत एकाहून अधिक जंतू होते. फरक आहे तो जंतूंच्या प्रकारात. पाश्चात्त्य देशांत अशा जखमांत स्टॅफिलोकोकससारखे ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू पुढे असतात, तर भारतातल्या बहुतेक अभ्यासांत ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचे प्रमाण अधिक आढळते. परदेशी मार्गदर्शिका जशीच्या तशी उचलता येत नाही, याचे हे एक मोठे कारण आहे.

दुसरे कारण प्रतिरोधाचे. मार्च २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी कार्बापेनेम औषधांना दाद न देणाऱ्या २४ जंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या २२ जंतूंत एनडीएम-१ हे विकर सापडले. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकातल्या लेखाने हा विषय जगभर गाजला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देखरेख-जाळ्यातले आकडे पुढची वाट दाखवतात. इमिपेनेम या कार्बापेनेम औषधाला दाद देणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के होते, ते २०२३ मध्ये सुमारे ६२ टक्क्यांवर आले. क्लेब्सिएलात ते सुमारे ५८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांच्या आसपास घसरले. हे नमुने बहुतांश मोठ्या रुग्णालयांतले आहेत, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणचे चित्र काहीसे वेगळे असू शकते. पण मिश्र संसर्गातल्या तीन जंतूंपैकी एक जरी असा निघाला, तरी सगळ्या उपचारांची दिशा त्या एकामुळे बदलते.

पहिला मतभेद : सापडलेला प्रत्येक जंतू दोषी का?

याबाबत दोन भूमिका आहेत. पहिली भूमिका सावधगिरीची. तिच्या मते अहवालात जे जे आले, त्या सर्वांवर चालेल असे औषध द्यावे. रुग्ण उशिरा आलेला असतो, अशक्त असतो, मधुमेही असतो. एक जंतू मोकळा सोडला आणि रक्तात विष पसरले, तर दुसरी संधी मिळेलच असे नाही.

दुसऱ्या भूमिकेनुसार जखमेत जंतू असणे आणि जंतूमुळे रोग होणे यांत अंतर आहे. उघड्या जखमेवर काही दिवसांत रुग्णालयातले जंतू येऊन बसतातच. जखमेच्या कडा गुलाबी आहेत, ताप नाही, पू नाही, तर नुसत्या अहवालावर औषध देऊ नये. पोटाच्या संसर्गातही मुख्य जंतूंवर औषध दिले आणि पू काढून टाकला, की बाकीच्यांचा आधार सुटतो आणि उरलेले काम शरीर करते, असे हा पक्ष म्हणतो.

एन्टेरोकोकस हे या वादाचे नेहमीचे उदाहरण. अमेरिकी तज्ज्ञांच्या २०१० च्या मार्गदर्शिकेनुसार, घरून आलेल्या साध्या रुग्णाच्या पोटातल्या संसर्गात या जंतूसाठी सुरुवातीला वेगळे औषध लागत नाही. रुग्णालयात असताना झालेल्या, विशेषतः आधी शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या रुग्णाच्या संसर्गात मात्र ते द्यावे. ही विभागणी तत्त्वतः बहुतेकांना मान्य आहे. व्यवहारात अडचण येते ती अशी : आपल्याकडे ‘घरून आलेला’ रुग्ण वाटेत दोन-तीन दवाखान्यांतून प्रतिजैविके घेऊन आलेला असतो. त्याला कोणत्या गटात धरायचे, हे ठरवायला सोपा निकष नाही.

दुसरा मतभेद : नमुना कसा घ्यायचा, तपासायचा कसा?

जखमेवरून कापसाचा बोळा फिरवून स्वॅब पाठवणे ही सर्वांत सोपी आणि सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत. तिच्यावरचा आक्षेपही जुना आहे. स्वॅबमध्ये पृष्ठभागावरचे जंतू येतात, आतले येतातच असे नाही. कापसावर हवा लागून अ‍ॅनेरोब मरतात. म्हणून मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका जखम साफ केल्यानंतर तिच्या तळातून घेतलेला ऊतीचा तुकडा पाठवायला सांगतात. पोटातला किंवा गाठीतला पू असेल, तर तो सिरिंजमध्ये ओढून, हवा काढून, लगेच पाठवणे चांगले. स्वॅबच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की गर्दीच्या वॉर्डात रोज तुकडा घेणे शक्य नसते. जखम सलाइनने धुऊन, थोडा दाब देऊन नीट घेतलेला स्वॅबही उपयोगी पडतो.

अ‍ॅनेरोबचे कल्चर हा त्याहून अवघड मुद्दा. त्यासाठी हवाबंद जार, ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या पुड्या, खास माध्यमे आणि प्रशिक्षित हात लागतात. वाढ व्हायला ४८ तास किंवा अधिक वेळ जातो. मुंबईच्या सायन रुग्णालयाच्या महाविद्यालयातून २००३ मध्ये गॅस गँगरीनच्या जंतूंवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशी कामे प्रामुख्याने मोठ्या महाविद्यालयांतून होत आली आहेत. लहान प्रयोगशाळांत ‘पस कल्चर’ म्हणजे ऑक्सिजनवर वाढणाऱ्या जंतूंचे कल्चर असेच गृहीत असते. त्यामुळे दुर्गंधीयुक्त पू असूनही अहवाल ‘वाढ नाही’ असा येऊ शकतो. तो पू निर्जंतुक असतो असे नव्हे. त्या पद्धतीने तपासता येणारा जंतू त्यात सापडलेला नसतो.

काही सर्जन म्हणतात, की अ‍ॅनेरोब असणार हे माहीतच आहे, मेट्रोनिडाझोल द्यायचेच आहे, मग कल्चरचा खर्च कशाला? अपेंडिक्सच्या साध्या रुग्णात हे मत परदेशी मार्गदर्शिकांनाही अमान्य नाही. त्यावर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचे उत्तर असे, की एका रुग्णासाठी कल्चर अनावश्यक असले, तरी त्या रुग्णालयात कोणते जंतू फिरत आहेत आणि कशाला दाद देतात, हे कळायला दुसरा मार्ग नाही. बॅक्टेरॉइडिसमध्येही मेट्रोनिडाझोलला प्रतिरोध दिसू लागला आहे. कुणी तपासलेच नाही, तर तो वाढतो आहे हे कळणार कसे?

माल्डी-टॉफ यंत्राने बशीवर वाढलेल्या जंतूची ओळख आता काही मिनिटांत पटते. जनुकीय तपासणीने तर न वाढणारे जंतूही दिसतात. पण जनुकीय अहवालात एका जखमेतून डझनावारी नावे निघतात आणि त्यांतले कोण जिवंत, कोण मृत, कोण निरुपद्रवी हे त्यावरून ठरत नाही. म्हणजे पहिलाच मतभेद मोठ्या आकारात परत उभा राहतो.

तिसरा मतभेद : औषध किती आणि किती दिवस?

एका गोष्टीवर सर्वांचे एकमत आहे. पू बाहेर काढणे, कुजलेला भाग कापणे, आतड्याचे भोक बंद करणे किंवा आतडे पोटावर काढून ठेवणे, हा मुख्य उपचार. औषध त्याला पूरक. वाद आहे तो त्यानंतरच्या दिवसांचा.

‘स्टॉप-इट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत पोटात संसर्ग झालेले ५१८ रुग्ण होते. एका गटाला सुमारे ४ दिवस, तर दुसऱ्याला लक्षणे जाऊन दोन दिवस होईपर्यंत, म्हणजे सरासरी ८ दिवस प्रतिजैविके दिली. जखमेचा संसर्ग, पोटात पुन्हा संसर्ग किंवा मृत्यू यांपैकी काही घडण्याचे प्रमाण पहिल्या गटात २१.८ आणि दुसऱ्यात २२.३ टक्के होते. फ्रान्समधल्या २०१८ च्या चाचणीत अतिदक्षता विभागातल्या रुग्णांतही ८ दिवसांचे औषध १५ दिवसांच्या तोडीस तोड ठरले.

कमी दिवसांच्या बाजूचे लोक हे निकाल पुढे करतात. जास्त दिवसांच्या बाजूचे त्यातली अट दाखवतात : पू पूर्णपणे निघालेला असला पाहिजे. तीन दिवसांनी आलेला, कुपोषित, सगळ्या पोटात घट्ट पापुद्रे जमलेला रुग्ण त्या चाचण्यांत कितपत होता, हा त्यांचा प्रश्न. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्याकडच्या चाचण्यांतूनच मिळू शकेल.

दुहेरी अ‍ॅनेरोब औषधांबाबत मात्र पुरावा बराच एका बाजूला झुकलेला आहे. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट किंवा मेरोपेनेम ही औषधे अ‍ॅनेरोबवर स्वतःच चालतात. त्यांच्या जोडीला मेट्रोनिडाझोल लावण्याने सहसा फायदा होत नाही. अमीबाचा संशय असेल, तर गोष्ट वेगळी. तरीही वॉर्डातल्या अनेक केसपेपरवर ही जोडी दिसते.

प्रतिबंध : काय ठरले, काय नाही

शस्त्रक्रियेआधीच्या औषधाची वेळ हा सर्वांत पक्का झालेला मुद्दा. १९९२ मध्ये क्लासेन आणि सहकाऱ्यांनी २,८४७ रुग्णांच्या अभ्यासात दाखवले, की चीर देण्याआधीच्या दोन तासांत औषध दिलेल्यांमध्ये संसर्ग सर्वांत कमी, ०.६ टक्के होता. त्याहून आधी दिलेल्यांत तो ३.८ टक्के होता. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची मार्गदर्शिकाही चिरेआधीचे १२० मिनिटे हीच मर्यादा सांगते आणि शस्त्रक्रिया संपल्यावर संसर्ग टाळण्यासाठी औषध चालू ठेवू नये असेही बजावते. घरी जाताना पाच-सात दिवसांच्या गोळ्या लिहून देण्याचा आपल्याकडचा प्रघात याच्याशी जुळत नाही. तो प्रघात पाळणारे सर्जन थिएटरची हवा, वॉर्डातली गर्दी आणि घरातली अस्वच्छता यांकडे बोट दाखवतात. पण थिएटर आणि वॉर्डातल्या उणिवा गोळ्यांनी भरून निघतात, असा पुरावा पुढे आलेला नाही. गोळ्यांनी प्रतिरोधी जंतूंना जागा मात्र मिळते.

अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या सात देशांत, भारतासह, झालेल्या दोन चाचण्या आपल्यासाठी विशेष महत्त्वाच्या आहेत. २०२१ च्या ‘फाल्कन’ चाचणीत ५,७८८ रुग्ण होते. महागडे क्लोरहेक्सिडिन आणि ट्रायक्लोसनचा लेप दिलेले टाके यांची तुलना साधे पोव्हिडोन-आयोडीन आणि साधे टाके यांच्याशी केली, तेव्हा फरक आढळला नाही. २०२२ च्या ‘चीता’ चाचणीत १३,३०१ रुग्ण होते. पोट शिवण्याआधी सगळ्या टीमने हातमोजे आणि हत्यारे बदलली, तेव्हा संसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर आला. आतड्यातले मिश्र जंतू हातमोज्यांवरून आणि हत्यारांवरून त्वचेखालच्या थरात जातात, या जुन्या समजुतीला यामुळे भक्कम आधार मिळाला. उपायही लहान रुग्णालयाच्या आवाक्यातला आहे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांतली उपकरणे ग्लुटराल्डिहाइडमध्ये वीस मिनिटे बुडवून वापरण्याच्या पद्धतीवरही पुनर्विचार झाला आहे. तेवढ्या वेळात बीजाणू मरत नाहीत. नंतर नळाच्या पाण्याने धुतले, तर पाण्यातले क्षयाच्या कुळातले जंतू छिद्रांच्या जखमांत जाऊन आठवड्यांनी गाठी करतात. नेहमीच्या कल्चरमध्ये ते सहज सापडत नाहीत.

अनुत्तरित प्रश्न

चार प्रश्न ठळकपणे उरतात. पहिला मोजणीचा. व्याख्येनुसार शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांपर्यंत, आणि कृत्रिम सांधा वा तत्सम वस्तू बसवली असेल तर ९० दिवसांपर्यंत होणारा संसर्ग मोजायचा असतो. टाके काढल्यावर गावी गेलेला रुग्ण पुढे स्थानिक दवाखान्यात जातो आणि मूळ रुग्णालयाच्या नोंदीत तो बरा झालेला राहतो. दुसरा प्रश्न, कल्चरमध्ये निघालेल्या अनेक जंतूंपैकी कोणावर उपचार करायचे हे ठरवणाऱ्या निकषांचा. तिसरा, पोटात संसर्ग पसरून उशिरा आलेल्या रुग्णात औषधाचे दिवस किती, याचा. चौथा, आपल्या भागातल्या अ‍ॅनेरोबमधील प्रतिरोधाचा.

तुलनेची अडचण या चारही प्रश्नांच्या मुळाशी आहे. एका अभ्यासात फक्त स्वच्छ शस्त्रक्रिया, दुसऱ्यात सगळ्या. एकात स्वॅब, दुसऱ्यात पू. एकात घरी गेल्यानंतरची विचारपूस, दुसऱ्यात नाही. जे. जे. आणि औरंगाबादचे आकडे शेजारी ठेवून कुठले रुग्णालय सरस, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

समारोप

एकूण आढावा घेता चित्र असे दिसते. पू काढणे, औषधाची वेळ साधणे, शस्त्रक्रियेनंतर ते विनाकारण न लांबवणे, पोट शिवण्याआधी हातमोजे आणि हत्यारे बदलणे, या बाबी पुरेशा सिद्ध झाल्या आहेत आणि त्यांना फार खर्चही नाही. जंतूंपैकी दोषी कोण, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळा कितीही आधुनिक झाली तरी नमुना नीट घेतल्याशिवाय आणि रुग्णाचा पाठपुरावा केल्याशिवाय सुटणार नाही.

यात नाशिकचे एक वेगळे स्थान आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच आहे. सर्जरी आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावाच लागतो आणि जखमांच्या संसर्गाची मोजणी हा त्यांच्या आवडीच्या विषयांपैकी एक. नमुना कसा घेतला, अ‍ॅनेरोब तपासले का, रुग्णाची ३० दिवसांनी फोनवर चौकशी केली का, एवढ्या मोजक्या बाबी सर्व महाविद्यालयांनी एकाच तक्त्यात नोंदवल्या, तर काही वर्षांत राज्यभराचे तुलनायोग्य आकडे हाती येतील. त्यासाठी नव्या यंत्रांची गरज नाही.

रुग्ण आणि नातेवाइकांसाठी सांगण्यासारखे एवढेच. घरी गेल्यावर महिनाभर जखमेवर लक्ष ठेवा. लाली, गरमपणा, ठणका, घाण वास, पाणी किंवा पू, ताप यांपैकी काहीही दिसले, तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथेच दाखवा. पू तपासायला घेण्याआधी मनाने किंवा औषधाच्या दुकानातून विचारून प्रतिजैविक घेऊ नका. एक-दोन गोळ्यांनी जखम बरी होत नाही, पण जंतू ओळखण्याची संधी मात्र जाऊ शकते.